चिमूटभर मुदत

अडचणीचा प्रश्न अंगावर आला की माणूस काय करतो, यात त्याचं सगळं घराणं कळतं. कोणी चष्मा पुसायला घेतो. कोणी घसा खाकरतो. कोणाला नेमकी तेव्हाच बुटाची नाडी सुटल्यासारखी वाटते, पायात चपला असल्या तरी. पुढारी असेल तर 'चांगला प्रश्न विचारलात' असं म्हणून दुसऱ्या खुर्चीकडे वळतो. या साऱ्या कच्च्या युक्त्या. चष्मा पुसून पुसून किती पुसणार? शेवटी तो डोळ्यांवर चढवावाच लागतो आणि समोर तोच माणूस तोच प्रश्न घेऊन उभा दिसतो, आता जरा जास्तच स्वच्छ.

या बाबतीत मानवजातीने काढलेला सगळ्यात पक्का तोडगा म्हणजे तपकीर.

विधी बघा. बंडीच्या खिशातून डबी काढायची, पण लगेच उघडायची नाही. आधी झाकणावर बोटाने दोन टिचक्या, म्हणजे झाकणाला चिकटलेली पूड खाली बसते; पूड बसली नाही तरी समोरचा गप्प बसतो. मग झाकण उघडून डबी प्रथम त्याच्यापुढे करायची, कारण आपल्या आधी पाहुण्याचं नाक. तो 'नको, नको' म्हणत मागे सरकतो, आणि मागे सरकलेल्या माणसाच्या प्रश्नातला जोर निम्म्याने उतरलेला असतो. मग अंगठा आणि तर्जनीची चिमूट, जास्तीची पूड झटकणं, डावी नाकपुडी, उजवी नाकपुडी, मिटलेले डोळे, किंचित वर झालेली हनुवटी. शेवटी रुमाल, तोही चार घड्यांचा, एकेक घडी उलगडत. शिंकेच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या माणसाला जगात कुठेही, कुठल्याही धर्मात, कोणी 'मग त्याचं काय झालं?' असं विचारत नाही.

आपल्याकडे तर शिंकेला शास्त्राचंही पाठबळ. निघताना कोणी शिंकलं की थांबायचं, घोटभर पाणी प्यायचं, घटकाभर टेकायचं. म्हणजे परदेशात तपकिरीने फक्त उत्तर लांबतं, आपल्याकडे माणसाचं निघणंसुद्धा. जुन्या शास्त्रीबुवांच्या उपरण्याला ते तपकिरी डाग का असत, याचं कोडं मला इथेच सुटतं. पूर्वपक्ष ऐकून झालेला आहे, उत्तरपक्ष अजून सुचलेला नाही, सभा टक लावून बघते आहे. अशा वेळी सरस्वती प्रसन्न होईपर्यंत हाताशी काही तरी हवंच.

हे एकट्या शास्त्रीबुवांना उमगलं होतं असं नाही. फ्रान्सचा परराष्ट्रमंत्री तालेरां राज्यक्रांतीच्या नोकरीत राहिला, नेपोलियनच्या नोकरीत राहिला आणि नेपोलियन गेल्यावर परत आलेल्या राजाच्याही नोकरीत राहिला. मुत्सद्द्याला तपकीर हवीच, नको त्या प्रश्नावर विचार करायला तेवढीच सवड मिळते, असं तो म्हणे, अशी आठवण सांगतात. त्याचं चरित्र बघता त्याला सवड बरीच लागली असणार.

तपकिरीचे जे खरे शौकीन आहेत, आणि इंग्लंड-जर्मनीत ते अजून आहेत, ते असल्या व्यवहारी गोष्टी बोलत नाहीत. ते डबी उघडून आधी नुसता वास घेतात आणि मग गाण्याच्या बैठकीला बसल्यासारखे बोलू लागतात. वरच्या अंगाला बर्गमॉट आहे, मध्ये गुलाब डोकावतो, तळाशी ओल्या गवताचा आणि जुन्या लाकडी कपाटाचा वास राहतो. हे सगळं खरं असतं, माझी त्याबद्दल तक्रार नाही. पण तपकिरीची तुलना या मार्गाने करू गेलं तर शेवट नाही. एकाला जिथे गुलाब दिसतो तिथे दुसऱ्याला साबण दिसतो. म्हणून मी माझ्यापुरतं एक साधं माप धरलं आहे. चिमूट नाकात गेल्यापासून माणूस पुन्हा धड वाक्य बोलू लागेपर्यंत जो काळ जातो, ती त्या तपकिरीची मुदत. जास्त मुदत ती सरस, असं मात्र नाही. प्रश्न कोणता आणि विचारणारा कोण, यावरून किती मुदतीचा माल काढायचा ते ठरवायचं.

हे माप लावायची संधी मला मिळाली ती परोपकारी तरुण पिढीमुळे. एका मित्राचा मुलगा म्युनिकला असतो, एका भाचीचा नवरा शेफील्डला. येताना काय आणू, असं त्यांनी विचारलं की आमच्या कट्ट्यावरची बाकीची मंडळी चॉकलेट सांगतात. मी डब्या सांगतो. आमच्या सांगलीपासून निपाणी फार लांब नाही, तंबाखूचा मुलूख तो, आणि तिथल्या माणसाने शेफील्डहून तपकीर मागवावी म्हणजे देशद्रोह आहे, असं एक-दोघांनी सुनावलं. पण तुलना करायची तर दुसरा पक्ष हजर नको का?

शेफील्ड म्हणजे चाकू-सुऱ्यांचं गाव. तिथे शॅरो भागात पोर्टर ब्रुक नावाच्या ओढ्याच्या काठी विल्सन घराण्याची तपकीर १७३७ पासून सांगितली जाते. ओढ्याच्या पाण्यावर चक्र फिरायचं, चक्रावर मुसळं उठायची-पडायची आणि तंबाखूची पूड व्हायची. या घराण्याचा कुलदीपक म्हणजे 'एसपी'. ही दोन अक्षरं कशाची, यावर इंग्रजांत एकमत नाही. कोणी म्हणतं स्पॅनिश, कोणी म्हणतं शेफील्ड प्राइड. तपकीर ओढणाऱ्यांना वादाला विषय मिळाला, हे त्यातल्या त्यात बरं. माल मध्यम दळाचा, किंचित ओलसर, आणि वास बर्गमॉटचा, म्हणजे ईडलिंबाची साल नखाने खरवडावी तसा. डोळ्यांत पाणी नाही, ठसका नाही. मुदत जेमतेम. 'जेवायला काय करू?' या दर्जाच्या प्रश्नाला पुरते, त्यावरच्या प्रश्नाला नाही.

याच घराण्याच्या एका डबीचं नाव 'क्रम्ब्ज ऑफ कम्फर्ट'. दिलाशाचे कण. आपल्याकडच्या तंबाखूच्या पुड्यांवर गाय, वाघ, सिंह किंवा मालकाच्या वडिलांचा फेट्यातला फोटो असतो. दिलासा देण्याच्या भानगडीत कोणी पडत नाही.

तिथून वायव्येला, डोंगर-तलावांच्या मुलखाच्या वेशीवर केंडल नावाचं गाव आहे. थॉमस हॅरिसन नावाच्या गृहस्थाने १७९२ मध्ये ग्लासगोहून तपकीर दळायची यंत्रं आणली, तीही घोड्यांच्या पाठीवर लादून, अशी तिथली कथा. त्याच परंपरेतून सॅम्युएल गॉविथ हे नाव पुढे आलं. केंडल ब्राउन ही तपकीर म्हणजे साधा, काळसर, जाडाभरडा माल. बर्गमॉट नाही, गुलाब नाही, पहिल्या पावसात शेताच्या बांधावरून जावं तेवढाच वास. मला सगळ्यांत आवडली ती हीच. हिची मुदतही शहाण्या माणसासारखी आहे: घाई नाही, नाटक नाही, चिमूट ओढल्यावर आपण खरोखरच विचार करतोय असं स्वतःलाही वाटतं. याच गावाची पुदिन्याची वडी १९५३ मध्ये एव्हरेस्टच्या मोहिमेबरोबर डोंगर चढली. एवढ्याशा गावाने जगाच्या तोंडाचीही सोय केली आणि नाकाचीही, आणि गर्व म्हणून कुठे दिसत नाही. आमच्या पेठेत एका चिवड्यावर तीन पिढ्या मिरवतात.

आयरिश हाय टोस्ट हा प्रकार मात्र जपून. फिकट रंगाची, मैद्याहून बारीक आणि हाडासारखी कोरडी पूड. डब्लिनच्या लंडी फूट या व्यापाऱ्याची एक कथा तपकिरीच्या दुनियेत फार प्रिय आहे. रात्री भट्टीवर लक्ष ठेवणाऱ्या माणसाला झोप लागली, तंबाखू करपला, आणि टाकून द्यायचा म्हणून स्वस्तात काढलेला तो करपका मालच लोकांनी डोक्यावर घेतला. कथा खरी की खोटी हे आयरिश लोकांशी बोलताना विचारायचं नसतं. या टोस्टमध्ये नवशिक्याचं नेहमी एकच होतं: तो श्वास ओढतो. तपकीर ओढायची म्हणजे फुप्फुसापर्यंत खेचायची नसते. फुलाचा वास घेताना जेवढी हवा आत जाते तेवढीच, आणि माल नाकाच्या पुढच्या दालनातच राहायला हवा, मागे घशात उतरता कामा नये. जाणता माणूस शिंकतसुद्धा नाही. शौकिनांच्या बैठकीत शिंक म्हणजे मैफलीत वाजलेला मोबाइल. आमच्या कट्ट्यावरचे एक निवृत्त पोस्टमास्तर ही सूचना पुरती ऐकायच्या आत टोस्टला भिडले. मुदत इतकी मोठी पडली की आम्ही चहा सांगितला, तो आला, आम्ही प्यालो.

हेच इंग्रज लोक एके काळी या बाबतीत कोणत्या थराला गेले होते ते ऐकलं म्हणजे पोस्टमास्तरांचं काहीच वाटत नाही. लंडनच्या हेमार्केटमध्ये ३४ क्रमांकाला फ्रिबूर्ग अँड ट्रेयर नावाचं तपकिरीचं दुकान होतं, १७२० पासून थेट १९८१ पर्यंत. गिऱ्हाइकांत राजेरजवाडे. तिसऱ्या जॉर्जची राणी शार्लट इतकी तपकीर ओढायची की तिला मागे 'स्नफी शार्लट' म्हणत, आणि विंडसरच्या वाड्यात तपकिरीसाठी वेगळी खोली होती. लॉर्ड पीटरशॅम म्हणून एक सरदार होते, त्यांच्याकडे वर्षाच्या प्रत्येक दिवसाला वेगळी डबी. एकदा कोणी तरी त्यांच्या हातातल्या नाजूक निळ्या फ्रेंच डबीचं कौतुक केलं. 'उन्हाळ्याला ठीक आहे,' साहेब म्हणाले, 'हिवाळ्यात ही चालायची नाही.' मला या माणसाबद्दल नितांत आदर आहे. कोणती डबी घ्यायची हे ठरवण्यातच ज्याची सकाळ गेली, त्याला त्या दिवशी कोण काय विचारणार?

आणि लंडनच्याच मार्गारेट थॉम्पसनबाई. १७७६ च्या सुमाराला त्या वारल्या, आणि त्यांचं म्हणून जे मृत्युपत्र छापलं जातं ते असं: शवपेटीत फुलांऐवजी उत्तम स्कॉच तपकीर भरा, खांदेकरी म्हणून गावातले सहा अट्टल तपकीरबाज बोलवा, वाटेने तपकीर उधळत न्या. म्हणजे चित्रगुप्ताने वही उघडून पहिला प्रश्न विचारायच्या आत बाईंनी व्यवस्था करून ठेवली होती.

यमाच्या बाबतीत लांबलेली सगळ्यात मोठी मुदत मात्र प्रशियाच्या फ्रेडरिक राजाच्या नावावर आहे. १७५९ साली कुनर्सडॉर्फच्या लढाईत त्याच्यावर आलेली गोळी खिशातल्या सोन्याच्या डबीवर अडली. राजा वारला १७८६ मध्ये. एका डबीने सत्तावीस वर्षं! पण यात आतल्या मालापेक्षा सोनाराचं श्रेय जास्त, म्हणून माझ्या मापात मी हा आकडा धरत नाही.

चार्ल्स डार्विनचा हिशेब उलटा होता. त्याला तपकिरीची सवय एडिंबराला शिकताना लागली आणि ती आयुष्यभर सुटली नाही. सवय आटोक्यात राहावी म्हणून त्याने तपकिरीची बरणी अभ्यासिकेत न ठेवता बाहेर दिवाणखान्याच्या वाटेवर मेजावर ठेवली. उठून तिथवर जावं लागेल, तेवढाच आळा. परिणाम असा की बरणीचं झाकण किणकिणल्याचा आवाज हा त्या घरातला रोजचा आवाज होऊन बसला. एकदा महिनाभर सोडूनही पाहिली, तर डोकं चालेना आणि चेहरा पडला. आता हे ध्यानात घ्या, की निसर्गनिवडीची कल्पना या माणसाला १८३८ मध्ये सुचली आणि ग्रंथ बाहेर आला १८५९ मध्ये. मधली वीस वर्षं तो काय करत होता यावर विद्वानांनी मोठमोठी पुस्तकं लिहिली आहेत. अभ्यासिकेपासून त्या मेजापर्यंतच्या फेऱ्या कोणी मोजल्या आहेत की नाही, देव जाणे. शेवटी तीच कल्पना सुचलेल्या वॉलेसचं पत्र पूर्वेकडून येऊन धडकलं, आणि मग मात्र चिमटीला सवड उरली नाही.

पोपसाहेबांनासुद्धा या पुडीने दमवलं. प्रार्थना चालू असताना पाद्रीच शिंकू लागले म्हणून आठव्या अर्बन पोपने १६४२ मध्ये सेव्हिलच्या चर्चांमध्ये तंबाखूवर बंदी घातली, मोडेल त्याला बहिष्काराची धमकी. पुढे १७२५ मध्ये तेराव्या बेनेडिक्ट पोपने बंद्या सैल केल्या. ते स्वतः तपकीर ओढत. सरकारी निर्णय फिरण्यामागे हे कारण आपल्याला अगदीच अनोळखी नाही.

आता म्युनिकचा मुलूख, बव्हेरिया. तिथल्या तपकिरीला श्माल्त्सलर म्हणतात. ब्राझीलचा काळा, मुरवलेला तंबाखू, जाडसर दळलेला, आणि पूर्वी त्यात चक्क कढवलेलं लोणी घालत. माल इतका ओशट आणि जड की नाकात गेला तरी बसून राहतो, पुढे काही करत नाही. दुपारच्या जेवणानंतरच्या पाव्हण्यांची हीच रीत. ही मंडळी चिमूट धरत नाहीत. हाताचा अंगठा ताणला की मनगटाजवळ जो खळगा पडतो, त्यात पूड ओततात आणि तिथूनच हुंगतात. या खळग्याला वैद्यकातही आजतागायत 'अ‍ॅनॅटॉमिकल स्नफबॉक्स' म्हणतात. मनगटावर पडलेल्या माणसाच्या नेमक्या त्या जागी दाबून हाडाचे डॉक्टर विचारतात, 'इथे दुखतं का?' ज्या शास्त्राने तपकिरीला मनाई केली त्याच शास्त्राने तिची डबी प्रत्येकाच्या हातावर काढून ठेवावी, याला काय म्हणावं?

मनाई बरोबर आहे, हे मी मान्य करतो. तपकीर झाली तरी तंबाखूच. निकोटिन नाकातूनही पोचतं, सवय नाकातूनही जडते, धूर नाही म्हणजे धोका नाही असं नाही. आमच्या कट्ट्यावरचे डॉक्टर हे दर वेळी सांगतात. भारतातल्या तंबाखूच्या पुड्यावर तर ८५ टक्के जागा इशाऱ्यानेच व्यापलेली असते; उरलेल्या पंधरात कंपनीने नाव, पत्ता आणि देव बसवायचे. माझ्या डब्या म्हणूनच बहुतेक काळ फडताळात बंद असतात, आणि प्रश्न खरोखर अडचणीचा असेल तरच निघतात.

बव्हेरियाबद्दल माझी एकच तक्रार आहे. ही मंडळी तपकीर ओढायच्या स्पर्धा लावतात. एका मिनिटात पाच ग्रॅम, खाली सांडेल त्याचे गुण कापले. ज्या वस्तूचा जन्मच मुळी घाई टाळण्यासाठी, तिच्यावर घड्याळ लावायचं? त्यापेक्षा त्यांची ग्लेचरप्रीज ही डबी मला प्रामाणिक वाटते. नावाचा अर्थ हिमनदीची चिमूट, आणि आत मेंथॉल. चिमूट घेतल्यावर पहिल्यांदा काहीच होत नाही. मग कपाळाच्या आत कोणी तरी महाबळेश्वरची डिसेंबरातली खिडकी उघडतं. मुदत मध्यम, पण डोळ्यांत जे पाणी येतं ते फार उपयोगाचं. विचारणाऱ्याला वाटतं, आपण या माणसाला उगीच दुखावलं.

इंग्लंडात अलीकडे चीज-बेकनच्या, टोस्ट-मार्मलेडच्या वासाच्या तपकिरी निघाल्या आहेत. त्याबद्दल मी बोलणार नाही. न्याहारी तोंडाने करायची असते.

लोणी घालण्याचा मान बव्हेरियाने मिरवू नये, हे मात्र सांगायलाच हवं. मद्रासी तपकिरीत तूप पडतं, जोडीला चुना. भाजलेला तंबाखू, चुना आणि साजूक तूप. एक हळदीचं बोट कमी, नाही तर बाळंतिणीला द्यायला हरकत नव्हती. तमिळ मुलखात ही 'पोडी' केळीच्या वाळलेल्या सोपटात बांधून मिळायची. त्यांचे मुख्यमंत्री अण्णादुरै तपकिरीचे शौकीन होते, आणि भाषणात कोणाला उत्तर द्यायला अडखळले असं कोणी म्हणत नाही. उत्तरेत बनारसला तपकीर म्हणजे सुंघनी. 'कामायनी'चे कवी जयशंकर प्रसाद ज्या घराण्यातले, त्या घराण्याला सारं शहर 'सुंघनी साहू' म्हणूनच ओळखायचं. पिढीजात धंदा तोच. वडिलांचं दुकान नाकाचं आणि मुलाचं महाकाव्य प्रलयापासून सुरू होणारं, यात मला तरी काही विसंगत दिसत नाही. ज्याने घरचा माल एकदा जोरात ओढला असेल त्याला प्रलयाची कल्पना असतेच.

आणि आपण? तंबाखू अकबराच्या दरबारात पोचला तो विजापूरहून, असद बेगने नेलेला. म्हणजे मोगल दरबाराला हा नाद दख्खनने लावला. पुण्याच्या बुधवार पेठेत तपकीर गल्ली आहे. आत शिरलात तर वायरी, पंखे, दिव्यांच्या माळा आणि स्विचांची खोकी. तपकीर मागितलीत तर दुकानदार किती वॅटची विचारेल. आमच्याकडे जुन्या किराणा दुकानांत ती अजून कागदाच्या पुडीत मिळते, आणि तिचे प्रकार दोनच: कडक आणि साधी. तिसरा प्रकार गिऱ्हाइकाने विचारला तर दुकानदार म्हणतो, 'काका, ओढायची आहे की लग्न लावायचंय तिचं?' पुष्कळ बायका ती दाताला लावायला नेतात. कडकची मुदत चांगली आहे. साधीची जवळपास शून्य. ती ओढून माणूस लगेच खरं बोलतो.

या सगळ्यांवर कडी करणारी एक डबी मात्र आपल्याच देशातली निघाली, आणि गंमत म्हणजे ती मला शेफील्डहून आली. गुजरातची ढोलकिया व्हाइट. रंग राखाडी-पांढरा, दळ भस्मासारखा. डबीबरोबर भाचीच्या नवऱ्याने चिठ्ठी पाठवली होती: 'मामा, गव्हाच्या दाण्याएवढी. जास्त नाही.' इंग्रज शौकीन हिचं नाव काढताना आवाज खाली आणतात म्हणे. वासाचं वर्णन मी करू शकत नाही, कारण वास येण्यासाठी जे नाक लागतं ते तेवढ्या वेळापुरतं जागेवर नसतं.

आमच्या सोसायटीचा मी सेक्रेटरी आहे, हे सांगायचं राहिलं. वार्षिक सभेत टाकीच्या गळतीचा विषय होता. दुरुस्ती झाली होती, पैसे दिले होते, पावती प्लंबरकडे होती आणि प्लंबर गावाला होता. इतकी सरळ गोष्ट. पण ती सरळ सांगायची तर अकरा उपप्रश्न निघतात, हा सेक्रेटरींचा सर्वदेशीय अनुभव. दुसऱ्या मजल्यावरचे मास्तर उठले. चाळीस वर्षं गणित शिकवलेला माणूस. 'अहो सेक्रेटरी,' ते म्हणाले, 'टाकी गळत होती तेव्हा पाणी गळत होतं. टाकी बुजल्यावर काय गळालं, ते कळेल का?'

सभेत हशा पिकला. ब्रिटिश पार्लमेंटात सतराव्या शतकाच्या अखेरीपासून सभागृहात धूम्रपानाला बंदी आहे, आणि त्या बदल्यात दाराशी द्वारपालाकडे सभासदांसाठी फुकट तपकीर ठेवायची चाल आहे. अमेरिकेच्या सिनेटमध्ये अध्यक्षांच्या आसनाजवळ तपकिरीच्या दोन डब्या आहेत. लोकशाहीची ही परंपरा स्मरून मी बंडीच्या खिशात हात घातला. पांढरी डबी काढली. झाकणावर दोन टिचक्या मारल्या. उघडली, आणि रीतीप्रमाणे आधी मास्तरांपुढे केली.

सगळं शास्त्र या गृहीतावर उभं आहे की समोरचा 'नको, नको' म्हणतो. मास्तर 'नको' म्हणाले नाहीत. त्यांनी आमच्या दुकानातली कडक तपकीर ओढण्यात हयात घालवली होती. 'आण इकडे, बघू साहेबाची,' म्हणाले, आणि चिमूट घेतली. गव्हाच्या दाण्याएवढी नाही, जोंधळ्याच्या कणसाएवढी.

मास्तर शिंकले नाहीत. ते हळूच खाली बसले. डोळे उघडे होते, पण आमच्यापैकी कोणाकडे बघत नव्हते. खजिनदारांनी त्यांच्यापुढे पाण्याचं भांडं धरलं, ते त्यांनी दोन्ही हातांनी घेतलं आणि तसंच धरून ठेवलं. सभेने त्यांच्या आदरार्थ शांतता पाळली. टाकीचा विषय मंजूर झाला, रंगाचा झाला, लिफ्टचा झाला, कोणी आडवं आलं नाही. आभाराच्या वेळी मास्तरांनी मान वर केली आणि म्हणाले, 'अरे वा.'

या महिन्यात पुढच्या सभेची नोटीस लावायला खाली गेलो तर मास्तर फळ्याशी उभेच. नोटीस वरपासून खालपर्यंत वाचली. चष्मा काढला, पुसला नाही, नुसताच खिशात ठेवला.

'एवढे दोनच विषय? अहो सेक्रेटरी, जरा अडचणीचे घाला की दोन-चार. आणि तुमची ती पांढरी डबी भरलेली आहे ना?'